१६ व्होल्टचा वायर्ड डोअरबेल सेट: चाइम दमदार, ट्रान्सफॉर्मर ठीकठाक, बटन कच्चं

ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ‘डिंग-डाँग’ बेलचा तयार सेट घ्यावा का? घरातली जुनी बेल नेमकी कशामुळे बंद पडली आहे, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. खोक्यात साधारण चार गोष्टी निघतात: १६ व्होल्ट, १० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर, यांत्रिक चाइम म्हणजे प्रत्यक्ष वाजणारा डबा, एक किंवा दोन बटनं आणि बेल वायरचं वेटोळं. चाइम वर्षानुवर्षं टिकते. ट्रान्सफॉर्मर सहसा दगा देत नाही. वायर कामचलाऊ असते. बटन सगळ्यात आधी जातं, आणि बंद पडलेल्या बहुतेक बेलींमध्ये दोषी तेवढंच असतं. म्हणजे अनेक घरांत अख्खा सेट आणून भिंतीला नवी भोकं पाडण्याची गरजच नसते, फक्त चांगलं बटन आणलं की काम होतं. म्हणून या सेटचं परीक्षण इथे भागवार केलं आहे. प्रत्येक भाग कसा आहे, तो कसा बिघडतो आणि बिघडला आहे की नाही हे कसं ओळखायचं, हे सोबतच येईल.

आधी जोडणी समजून घ्यावी, कारण तपासणी सगळी तिच्यावरच उभी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लो-व्होल्टेज बाजूला दोन टर्मिनल असतात. एकातून निघालेली वायर थेट चाइमच्या ‘ट्रान्स’ टर्मिनलला जाते. दुसऱ्यातून निघालेली वायर दाराच्या बटनाला जाते आणि बटनातून परत येऊन चाइमच्या ‘फ्रंट’ टर्मिनलला लागते. मागच्या दाराचं बटन असेल तर त्याची परतीची वायर ‘रिअर’ला. झालं, एवढंच सर्किट. सगळे भाग एकाच साखळीत असल्यामुळे कुठेही एक ठिकाण तुटलं की बेल गप्प होते आणि बटन दाबलेलंच अडकलं की चाइम सतत गुणगुणत राहते. सप्लाय एसी आहे, त्यामुळे बटनाच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी काही बिघडत नाही.

बटन

सेटमधल्या बटनाला दहापैकी चारच्या वर गुण देता येत नाहीत. मागची बाजू उघडून पाहिली तर आत पितळेच्या किंवा नुसत्या पितळी मुलाम्याच्या दोन पट्ट्या दिसतात. त्यातली एक जिभेसारखी वाकवलेली असते आणि दाबल्यावर दुसरीला टेकते. जुन्या बटनात ती जिथे टेकते तिथे मोहरीएवढा काळा ठिपका असतो. तो कार्बन आणि ऑक्साइडचा थर. चाइममधल्या कॉइलचा (तारेच्या गुंडाळीचा) करंट तोडताना दर वेळी तिथे बारीकशी ठिणगी पडते, वरून दारातला पाऊस, दमट हवा आणि धूळ. हळूहळू ठिपका मोठा होतो, मग बेल कधी वाजते कधी नाही, जोर लावून किंवा तिरकं दाबलं तर वाजते, आणि शेवटी वाजतच नाही. दुसरा बिघाड उलट दिशेचा: पट्टीचा ताण गेला किंवा बटनाची टोपी उन्हाने वाकडी झाली की संपर्क सुटत नाही. हा जास्त महागात पडतो, कारण चाइमची कॉइल क्षणभराच्या करंटसाठी बनवलेली असते. तासभर चालू राहिली तर तापते, वास येतो आणि जळते.

बटन तपासायला काहीही उपकरण लागत नाही. दोन स्क्रू काढून बटन भिंतीपासून सोडवावं, मागच्या दोन वायरी काढाव्यात आणि त्यांची उघडी टोकं क्षणभर एकमेकांना टेकवावीत. बेल वाजली तर बाकी सगळं ठणठणीत आहे, बटन बदला. नाही वाजली तर बटन निर्दोष असल्याचं सिद्ध होत नाही, पण बिघाड आणखी पुढे कुठेतरी आहे हे नक्की होतं. या वायरींत १६ व्होल्टच असतात, त्यामुळे कोरड्या हाताने काम करायला हरकत नाही. फक्त वायरी सोडवल्यावर लगेच त्यांना बाहेरच्या बाजूला वाकवून टेपने भिंतीला चिकटवावं. त्या भिंतीच्या भोकात आत सरकल्या तर पुन्हा बाहेर काढताना जीव नकोसा होतो.

बटनात दिवा असेल तर तो फुकटचा टेस्टरच आहे, आणि केवळ यासाठी दिवा असलेलं बटन घ्यावं असं ठाम मत आहे. हा दिवा संपर्काच्या समांतर जोडलेला असतो. बटन न दाबलेलं असताना चाइमच्या कॉइलमधून थोडासा करंट येऊन दिवा लागतो. तो करंट इतका कमी असतो की प्लंजर (चाइममधली, पट्टीवर आदळणारी लोखंडी दांडी) हलत नाही. बटन दाबलं की संपर्क दिव्याला शॉर्ट करतो, म्हणून दिवा विझतो आणि सगळा करंट कॉइलला मिळतो. यावरून पुढचं वाचता येतं. दिवा लागलेला आहे, दाबल्यावर विझत नाही आणि बेलही वाजत नाही: बटनाचा संपर्क गेला. दिवा दाबल्यावर विझतो पण आवाज नाही: बटन काम करतंय, चाइमचा प्लंजर अडकलाय किंवा वाटेत एखादा जॉइंट सैल आहे. दिवा मुळात लागतच नाही: सप्लाय नाही, वायर तुटलीय किंवा कॉइल ओपन, म्हणजे आतून तुटलेली, आहे (किंवा दिवाच गेलाय, हे विसरू नये). दिवा कायम विझलेला आणि चाइम गुणगुणतेय: बटन किंवा त्याच्या वायरी शॉर्ट आहेत. अशा वेळी लगेच ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बंद करावा.

संपर्क पॉलिश पेपरने घासून बेल पुन्हा चालू होते खरी, पण पट्टीवरचा मुलामा एकदा गेला की थर आणखी लवकर धरतो. पाहुणे येणार आहेत आणि नवं बटन मिळायला वेळ आहे, इतक्यापुरताच तो उपाय. नवं घेताना मागे वायरसाठी स्क्रूची टर्मिनल आहेत का ते पाहावं. नुसतं खोचायच्या क्लिपा असलेलं बटन टाळावं. दार पावसाच्या माऱ्यात असेल तर आयपी४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्यावरचं घ्यावं, आणि बसवताना वायरीचं भोक सिलिकॉनने बंद करावं. भिंतीच्या आतून येणारी ओल आणि मुंग्या याच भोकातून बटनात शिरतात. खालच्या कडेला सिलिकॉन लावू नये. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला तेवढी वाट लागते.

मीटर, टेस्टर आणि फसवं रीडिंग

सेटमध्ये मीटर नसतो, तरी त्याबद्दल इथेच सांगायला हवं, कारण चुकीच्या उपकरणाने तपासून चांगले ट्रान्सफॉर्मर फेकून दिले जातात. घराघरात असतो तो स्क्रू ड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर १६ व्होल्टवर पेटत नाही. निऑन पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. त्यामुळे बेलच्या वायरीला टेस्टर लावून ‘करंटच नाही’ असं म्हणणं चुकीचं आहे. वायरजवळ नेला की बीप करणारा, स्पर्श न करता चालणारा टेस्टरही बहुधा इथे निरुपयोगी ठरतो. हे दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सच्या, म्हणजे घरातल्या मुख्य विजेच्या, बाजूला उपयोगी आहेत, आणि तिथे काम करण्याआधी ते वापरलेच पाहिजेत.

लो-व्होल्टेज बाजूला साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. नॉब एसी व्होल्टवर हवी. हाताने रेंज बदलण्याचा मीटर असेल तर २०० व्होल्ट एसी. डीसीवर ठेवला तर ठणठणीत ट्रान्सफॉर्मरही शून्य दाखवतो, ही सगळ्यात जास्त होणारी गफलत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या, जेमतेम टेकलेल्या जॉइंटमधूनही तो पूर्ण १६ व्होल्ट दाखवतो. ‘व्होल्टेज तर येतंय, तरी बेल वाजत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून जन्मते. म्हणून खरं माप बटन दाबलेलं असताना घ्यावं, म्हणजे कॉइलचा भार चालू असताना. एकाने दारात बटन दाबून धरावं, दुसऱ्याने चाइमच्या ट्रान्स आणि फ्रंटवर मीटर लावावा, आणि दोन-तीन सेकंदांत रीडिंग घेऊन बटन सोडायला सांगावं. ट्रान्सफॉर्मरवरच्या आकड्याच्या आसपास आलं आणि प्लंजर हलला नाही तर दोष चाइममध्ये. शून्य आलं तर बटन, वायर किंवा सप्लाय. चार-पाच व्होल्ट आले तर कुठेतरी जॉइंट वाईट आहे, वायर फार बारीक आहे किंवा ट्रान्सफॉर्मर भार झेलत नाही. यातलं कोणतं, ते ठरवायला त्याच वेळी ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरही मोजावं. तिथे १५ आणि चाइमवर ५ असतील तर मधले १० व्होल्ट वायरीत किंवा बटनाच्या संपर्कात अडकले आहेत. तिथेही ५ असतील तर ट्रान्सफॉर्मरच बसला आहे किंवा पुढे शॉर्ट आहे.

ट्रान्सफॉर्मर

सेटमधला १० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर एका यांत्रिक चाइमला पुरेसा आहे. १० व्हीए म्हणजे १६ व्होल्टला साधारण ०.६ अँपिअर. बेल क्षणभरच वाजते, त्यामुळे तेवढ्यावर निभावतं. दोन मजल्यांवर दोन चाइम समांतर जोडायच्या असतील किंवा पुढे कॅमेऱ्याची बेल लावायचा विचार असेल, तर मात्र हा कमी पडतो आणि तेव्हा सेट न घेता ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा.

कोऱ्या ट्रान्सफॉर्मरवर मीटर लावला की १६ ऐवजी १८, कधी २० व्होल्ट दिसतात. तो दोष नव्हे. छोट्या बेल ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज भाराशिवाय चढलेलंच असतं आणि भार आला की खाली येतं. हाताला कोमट लागणंही ठीक, कारण त्याची मेन्सची कॉइल दिवसरात्र चालू असते. हात टेकवत नाही इतका गरम असेल तर लो-व्होल्टेज बाजूच्या दोन्ही वायरी काढून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावं. थंड झाला तर शॉर्ट बाहेर आहे: अडकलेलं बटन, खिळ्याने चिरलेली वायर किंवा एकमेकांना टेकलेली टोकं. तरीही गरमच राहिला तर त्याचं आतलं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) गेलंय.

सेकंडरीवर, म्हणजे लो-व्होल्टेज बाजूला, शून्य आलं तरी हीच युक्ती. वायरी काढून मोजल्यावर व्होल्टेज परत आलं तर ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे. वायरी काढूनही शून्य असेल तर आधी मेन्सचा सप्लाय पोहोचतोय का ते पाहावं. एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडलेला असणं हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. मेन्स येतोय आणि सेकंडरी कोरडी, म्हणजे वाइंडिंग तुटलं किंवा आतला थर्मल फ्यूज उडाला. काही ट्रान्सफॉर्मरमधलं संरक्षण थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होतं, काहींचा फ्यूज एकदाच उडतो. दुसऱ्या प्रकारात खोलून दुरुस्ती करू नये, बदलावाच. मात्र तो उडाला कशामुळे हे शोधल्याशिवाय नवा जोडला तर त्याचीही तीच गत होते. आधी बटन आणि वायर तपासा, मग नवा ट्रान्सफॉर्मर.

मेन्सची बाजू उघडण्याआधी एमसीबी बंद करणं, टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतोय याची खात्री करणं आणि मग टर्मिनलवर पाहणं, या तिन्ही गोष्टी कराव्यातच. मेन्सच्या वायरिंगची सवय नसेल तर एवढं एक काम इलेक्ट्रिशियनला द्यावं. बाकीची सगळी तपासणी लो-व्होल्टेज बाजूला आहे, ती घरच्या माणसाला निवांत जमते.

तीन-चार टर्मिनलचे, म्हणजे ८, १६ आणि २४ व्होल्ट असे वेगवेगळे टॅप असलेले ट्रान्सफॉर्मर मिळतात. ते चांगले, पण कोणत्या दोन स्क्रूंमध्ये किती व्होल्ट हे ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर छापलेलं वाचून आणि मोजूनच जोडावं. १६ व्होल्टच्या चाइमला चुकून २४ दिले की पहिल्या दिवशी आवाज खणखणीत येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग गुणगुण सुरू होते आणि एखाद दिवशी बटन अडकलं की कॉइल जाते. खूप जुन्या बेलींचा ट्रान्सफॉर्मर ८ किंवा १० व्होल्टचा असतो. नुसती नवी १६ व्होल्टची चाइम आणून त्याच्यावर जोडली तर प्लंजर अर्धवट उचलला जातो आणि ‘डिंग’ऐवजी ‘टक’ ऐकू येतं. चाइम खराब आली असं समजून लोक ती परत करतात. दोघांवरचे व्होल्ट जुळतात का, एवढं खोकं उघडण्याआधी पाहिलं तर हा फेरा वाचतो.

वायर

सेटसोबत येणारं वेटोळं हा दुसरा कच्चा दुवा. आतली तार बहुधा अर्धा मिलिमीटर जाडीची, म्हणजे साधारण ०.२ चौरस मिमी छेदाची. तांब्याच्या अशा वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८६ ओहम. जाऊन-येऊन एकूण ४० मीटर वायर लागली तर साडेतीन ओहमच्या आसपास. ०.६ अँपिअरला त्यात दोन व्होल्ट खर्च होतात. १६ व्होल्टच्या सेटला ते चालून जातं. पण ८ व्होल्ट, १ अँपिअरच्या सेटमध्ये आठपैकी साडेतीन व्होल्ट वाटेतच संपतात आणि चाइमला उरतात साडेचार. ०.८ चौरस मिमीची वायर घेतली तर तेवढ्याच अंतराला रोध जेमतेम ०.९ ओहम होतो. बटन आणि ट्रान्सफॉर्मर जवळजवळ असतील तर सेटमधली वायर वापरा. अंतर दहा मीटरच्या पुढे असेल तर वेगळी, जाड आणि नक्की तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर दिसायला तशीच असते, पण रोध साधारण दीडपट, आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. चाकूने टोक खरवडलं की आत पांढरट धातू दिसतो, तेवढ्यावरून ओळखता येते.

भिंतीतली जुनी वायर तपासताना ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बंद करावा. दाराकडची दोन टोकं पिळून एकत्र करावीत आणि दुसरीकडे, चाइमपासून व ट्रान्सफॉर्मरपासून सोडवलेल्या टोकांवर ओहम मोजावेत. एक-दोन ओहम किंवा लांब बारीक वायरीला तीन-चार ओहम आले तर वायर सलग आहे. दहा-वीस ओहम आले तर मध्ये जॉइंट वाईट. मीटरने ‘ओएल’ (मापाच्या बाहेर) दाखवलं तर तुटलेली. इथे बीप वाजण्यावर विसंबू नये. बऱ्याच मीटरचा बझर तीस-पन्नास ओहमपर्यंतही वाजतो, आणि बेलच्या सर्किटमध्ये तीस ओहम म्हणजे बेल बंदच. मग पिळलेली टोकं सोडून दोन वायरींमध्ये पुन्हा मोजावं. आता ‘ओएल’च यायला हवं. काही आकडा आला तर इन्सुलेशन कुठेतरी गेलं आहे. पाऊस पडला की आपोआप वाजणारी बेल, किंवा ओल आली की दिवा मंद होणारं बटन, हे इथलंच लक्षण.

वायर मधूनच सहसा तुटत नाही. ती तुटते सोललेल्या टोकाशी, जिथे पक्कडने किंवा ब्लेडने तारेला खाच पडलेली असते. सिंगल तार असल्यामुळे स्क्रू आवळताना वाकते आणि खाचेवर मोडते, पण वरच्या प्लॅस्टिकमुळे बाहेरून जोडलेलीच दिसते. म्हणून पहिला उपाय: प्रत्येक टोक सेंटिमीटरभर कापून पुन्हा सोलावं, स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने वळवावं आणि आवळल्यावर हलकेच ओढून पाहावं. त्यानंतर जॉइंट. नुसते पिळून टेप गुंडाळलेले जॉइंट काळे पडतात. घराबाहेरचा किंवा दमट जागेतला जॉइंट जेल भरलेल्या कनेक्टरने करावा. तरीही शंका उरली तर दोन पदरी वायर जमिनीवरून तात्पुरती टाकून बटन तिच्यावर जोडावं. बेल वाजली की भिंतीतली वायर बाद, आणि भिंत फोडण्याआधी हे खात्रीने कळलेलं बरं. भिंतीत तीन किंवा चार पदरी केबल असेल तर रिकामा पदर वापरून सगळा प्रश्न सुटतो. नवी वायर ओढताना मात्र मेन्सच्या पाइपातून नेऊ नये. कुठे इन्सुलेशन चिरलं तर दारातल्या बटनावर मेन्सचा करंट येतो.

चाइम

सेटमधली खरी कमावलेली वस्तू हीच. कॉइलमध्ये करंट आला की लोखंडी प्लंजर एका पट्टीवर आदळतो, ‘डिंग’. बटन सोडलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आदळतो, ‘डाँग’. मागच्या दाराला फक्त ‘डिंग’, म्हणजे कोणत्या दारी कोण आलंय ते उठायच्या आधी कळतं. इलेक्ट्रॉनिक बेलींच्या गाण्यांपेक्षा हा आवाज जास्त लांब पोहोचतो आणि कानाला टोचत नाही. बिघडण्यासारखं आत फार काही नाही.

जे बिघडतं ते असं. ‘डिंग’ येतं आणि ‘डाँग’ येत नाही, तेव्हा प्लंजर धूळ आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेने चिकटलेला असतो. सप्लाय बंद करून तो हाताने वरखाली करून पाहावा, स्वतःच्या जोराने परत यायला हवा. अडकत असेल तर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नळी कानकोरण्याच्या कापसाने साफ करावी आणि कोरडाच बसवावा. तेल टाकू नये. दोन दिवस सुळसुळीत चालतो आणि मग तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा घट्ट होतो. आवाज बोदा येत असेल तर पट्ट्यांना धरणारे रबर पाहावेत, आणि रंगकामात पट्टीवर रंग उडालाय का तेही. खडबडीत भिंतीवर स्क्रू फार आवळले की चाइमची पाठ पिळवटते आणि नवाकोरा प्लंजरही घासतो. स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर आवाज मोकळा झाला तर हेच कारण.

दोन दारांची बेल असेल आणि एकच वाजत नसेल तर चाइमवरच्या फ्रंट आणि रिअरच्या वायरींची अदलाबदल करावी. बिघाड वायरीसोबत दुसऱ्या टर्मिनलवर गेला तर दोष त्या दाराच्या बटनात किंवा वायरीत. जागच्या जागी राहिला तर चाइमच्या त्या कॉइलमध्ये. मिनिटाभरात अर्धं घर तपासून होतं. कॉइल मोजायची तर सप्लाय बंद करून ट्रान्स आणि फ्रंटमध्ये ओहम पाहावेत, वायरी काढूनच. काही ओहम आले तर ठीक, ‘ओएल’ आलं तर जळलेली. आणि शेवटची खात्री: चाइम उतरवून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला दोन वीतभर वायरींनी थेट, क्षणभर टेकवावी. इथे वाजली तर ती निर्दोष, शोध वायरीत घ्यायचा.

कॅमेऱ्याची बेल लावायची असेल तर

हा सेट त्यासाठी घेऊ नका. वायरवर चालणाऱ्या बहुतेक व्हिडिओ डोअरबेल १६ ते २४ व्होल्ट एसी मागतात आणि १० व्हीएवर जेमतेम तग धरतात. दिवसा ठीक चालते, अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की ऑफलाइन जाते, किंवा कोणी बटन दाबलं की रीस्टार्ट होते, ही सगळी व्होल्टेज बसल्याची लक्षणं. १६ व्होल्ट, ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घातला की बहुतेक तक्रारी मिटतात. व्होल्ट तेच ठेवून व्हीए वाढवल्याने जुनी चाइम जळत नाही, ती आपल्याला हवा तेवढाच करंट ओढते.

या बेलीला चोवीस तास लागणारा करंटही चाइमच्या कॉइलमधूनच येतो, म्हणून यांत्रिक चाइम मंद गुणगुणू लागते. त्यासाठी बेलसोबत येणारा छोटा मॉड्यूल चाइमच्या ट्रान्स आणि फ्रंटमध्ये जोडायचा असतो. खोक्यात तो दिलेला असूनही ‘काहीतरी जादाचं’ म्हणून फेकला जातो, तसं करू नये. चाइम काढून टाकून व्हिडिओ बेल थेट ट्रान्सफॉर्मरवर जोडणं त्याहून वाईट. बटन दाबल्यावर ती चाइमसाठी सर्किट बंद करते, आणि वाटेत चाइमच नसेल तर ट्रान्सफॉर्मर तिच्यातून सरळ शॉर्ट होतो. चाइम नकोच असेल तर कंपनीने सांगितलेला रेझिस्टर लावावा किंवा थेट जोडणीची परवानगी पत्रकात स्पष्ट लिहिलेलं मॉडेल घ्यावं. काही इलेक्ट्रॉनिक चाइमसोबत बटनावर लावायचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) येतो. साध्या बटनाला तो हवाच, नाहीतर धून पहिल्या सुरावरच थांबते. व्हिडिओ बेल लावताना मात्र पत्रकात सांगितलं नसेल तर तो काढावा.

घ्यावा कोणी

नव्या घरात वायर टाकली जात असेल, किंवा तपासणीत चाइमची कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही गेलेले निघाले असतील, तर सेट घ्यावा आणि त्यातलं बटन पहिल्याच दिवशी चांगल्या बटनाने बदलावं. नुसतं बटन गेलं असेल, जॉइंट सैल असेल किंवा प्लंजर चिकटला असेल तर सेटला हात लावू नये. भिंतीतली वायर गेली असेल आणि नवी ओढायला वाटच नसेल तर बॅटरीवरची वायरलेस बेल हा पर्याय आहे. तिथे बटनातली बॅटरी बदलावी लागते आणि काँक्रीटच्या दोन भिंती मध्ये आल्या की खोक्यावर छापलेलं अंतर बरंच कमी होतं, म्हणून चाइमची जागा पक्की करण्याआधी दार बंद करून वाजवून पाहावं.

सेट घेताना ट्रान्सफॉर्मरवर प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरीचे व्होल्ट, व्हीए आणि प्रमाणनाचं चिन्ह छापलेलं आहे का ते पाहावं. नुसतं ‘बेल ट्रान्सफॉर्मर’ एवढंच लिहिलेला घेऊ नये. चाइम हलवून पाहावी, प्लंजर मोकळा खुळखुळला पाहिजे. काही सेटमध्ये तो वाहतुकीत हलू नये म्हणून फोमचा तुकडा किंवा चिकटपट्टी लावलेली असते. ती काढायची राहिली तर नवी बेल पहिल्या दिवसापासून गप्प राहते.